थकबाकीची यादी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हजेरीची वही नाही. रविवारी उपासनेला किती माणसे होती याचा एक आकडा सेक्रेटरी टिपून ठेवतात, पण त्या दिवशी कोण आले नव्हते हे कुठेच लिहिले जात नाही. सभासदांच्या नावानिशी चालणारी एकच वही आमच्याकडे आहे आणि ती वर्गणीची आहे. हिरव्या कापडी पुठ्ठ्याच्या त्या जाड वहीत प्रत्येक कुटुंबाला एक पान दिलेले आहे, पानावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखलेले आहेत आणि तळाशी तांबड्या शाईत थकबाकी मांडलेली आहे. तीन वर्षांपूर्वी मी कमिटीवर निवडून आले तेव्हा वार्षिक सभेआधी थकबाकीदारांची यादी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, कारण माझी सारी नोकरी बँकेत झाली होती. दोन संध्याकाळी बसून यादी केली. ती करता करता ध्यानात आले की ही पैसे न देणाऱ्यांची यादी नाहीच, ही यायचे थांबलेल्यांची यादी आहे. एखाद्या पानावर जूनपर्यंत दरमहा नेमाने आकडे आहेत आणि जुलैपासून पुढे सगळे रकाने कोरे आहेत. जून आणि जुलै यांच्या मधल्या त्या बारीक उभ्या रेषेवर त्या घरात किंवा आमच्या मंडळीत काहीतरी घडलेले असणार, आणि काय घडले हे आमच्यापैकी कोणीच विचारले नव्हते.

आमच्या घटनेप्रमाणे सलग तीन वर्षे वर्गणी थकली की मताधिकार जातो आणि तशी नोटीस घरी पाठवावी लागते. मी पाळकसाहेबांना म्हणाले की नोटीस टपालाने पाठवण्याऐवजी मी एकेका घरी जाऊन येते. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘‘जा ताई, पण वसुलीला आलात असं कुणाला वाटू देऊ नका.’’

मला जायचे होते त्याला कारण होते. त्या वहीत आमच्या आप्पांचेही पान आहे.

आप्पा १९७२ च्या दुष्काळात नेवासे तालुक्यातून ठाण्याला आले. गावाकडे दुष्काळी कामावर खडी फोडली, मग ओळखीच्या माणसामागून इकडे येऊन ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात हेल्पर म्हणून लागले. आधी कळव्याला चाळीत राहिले आणि पुढे ऐरोलीच्या सिडको वसाहतीत घर झाले. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांची हीच कहाणी आहे. गावाकडून येताना त्यांनी मराठी पवित्र शास्त्र आणले होते आणि हातात पेटी आणली होती, म्हणजे पेटीची विद्या. ती त्यांना मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी शिकवली होती. चाळीतल्या एका खोलीत सात-आठ कुटुंबे जमत तेव्हापासून उपासनेत पेटी आप्पांचीच असे. मंडळी वाढली, एका शाळेचे दुसऱ्या मजल्यावरचे सभागृह रविवारी सकाळी भाड्याने मिळू लागले, तेव्हाही सर्वांच्या आधी पोचून भाता हलवून स्वर तपासणारे आप्पाच असत. शेवटची चार वर्षे मात्र ते गेले नाहीत. ऐकू कमी येते, जिना चढवत नाही, असे आम्ही लोकांना सांगत राहिलो आणि स्वतःही तेच खरे मानत राहिलो.

आप्पा गेले त्या सकाळी दफनभूमीसाठी मंडळीचे पत्र हवे होते. मी आणि माझा धाकटा भाऊ तेव्हाच्या सेक्रेटरींच्या घरी गेलो. ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला बसवले, पाणी दिले, आप्पांविषयी दोन शब्द बोलले आणि मग ती हिरवी वही काढून पान उलटले. महिना ५० रुपये याप्रमाणे चार वर्षांचे २,४०० रुपये थकले होते. घटनेत तसे लिहिलेलेच होते, ते तरी काय करणार. भावाने खिशातून पैसे काढले. त्यांनी पावती फाडली, कार्बन सरळ केला आणि त्या दिवसाची तारीख घातली. ती पावती आजही आप्पांच्या पवित्र शास्त्रात आहे. माझ्या वडिलांच्या मृत्यूची तारीख ज्या दोन कागदांवर आहे, त्यांपैकी एक पालिकेचा दाखला आहे आणि दुसरी ही पावती.

त्यानंतर चौदा महिने मी उपासनेला गेले नाही. रागाने गेले नाही असे म्हणणे सोपे आहे, आणि पहिल्या काही आठवड्यांपुरते ते खरेही आहे. पण जाणे थांबते कसे, हे मला त्या चौदा महिन्यांत आतून पाहायला मिळाले. पहिला रविवार फार जड गेला. सकाळी दहाच्या सुमाराला आपण काहीतरी लपवतो आहोत असे वाटत राहिले, गॅलरीत उभे राहायचाही संकोच वाटला, कारण खालून मंडळीतले कोणी जाताना दिसले असते. दुसऱ्या रविवारी कोणीतरी फोन करील असे वाटले आणि फोन जवळ ठेवला. चौथ्या रविवारी फोन जवळ ठेवायचा राहून गेला. सातव्या-आठव्या रविवारी सकाळी चादरी धुवायला काढल्या, आणि पुढे रविवार म्हणजे चादरींचा दिवस असे होऊन गेले. राग तोवर विझून गेला होता, चादरी मात्र राहिल्या. प्रार्थना रोज चालू होती, जेवणाआधी आभार मानणे चालू होते, रात्री एक अध्याय वाचणे चालू होते. श्रद्धेला काहीही झाले नव्हते. झाले होते ते इतकेच की माझ्यावाचून तिथे कोणाचे काही अडत नाही हे मला कळले होते, आणि एकदा ते कळले की घरातून निघण्यासाठी दर रविवारी नव्याने कारण शोधावे लागते.

मी परत गेले ते कोणी समजूत घातल्यामुळे नव्हे. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात. महिला मंडळातल्या एका बाईंना ऐन वेळी गावी जावे लागले आणि पाचव्या उद्गारावर बोलायला कोणी उरले नाही. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी फोन केला. इतके दिवस का आला नाहीत हे त्यांनी विचारलेच नाही. ‘‘पाचवा उद्गार तुम्ही घ्या, माझं अडलंय,’’ एवढेच म्हणाल्या. मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत टिपणे काढत बसले.

म्हणून मला त्या यादीतल्या घरी जायचे होते.

ख्रिस्ती माणसाला ठाणे शहराच्या इतिहासातली एक गोष्ट लहानपणी कधी ना कधी ऐकायला मिळते. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्याला आले, इथल्या नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती घरात उतरले आणि काझीपुढे आपला विश्वास सोडायला नकार दिल्यामुळे मारले गेले. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची ही हकीकत आहे. लहानपणी ती ऐकताना माझ्या मनात असे पक्के बसले होते की विश्वास सोडायचा किंवा राखायचा तो असा, तलवारीसमोर, एका क्षणात. पुढे वहीतली घरे पाहिली तेव्हा कळले की आपल्याकडे कोणी काही सोडत नाही. माणसे थांबतात, आणि थांबली हे त्यांना स्वतःलाही वर्षभराने कळते.

कळव्याच्या सिस्टरांकडे मी सर्वांत आधी गेले. पालिकेच्या रुग्णालयात त्यांनी ३४ वर्षे परिचारिका म्हणून काढली, लग्न केले नाही, बहिणीच्या मुलांना शिकवले. आता एकट्या राहतात. गुडघे पार गेलेले आहेत आणि आमचे सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे, शाळेला लिफ्ट नाही. मी बसल्यावर त्यांनी चहा टाकला आणि मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघराच्या फळीवरून एक स्टीलचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. मी झाकण उघडले. आत नोटा होत्या, दहाच्या, वीसच्या, मधूनच एखादी शंभराची, आणि तळाशी नाणी. प्रत्येक रविवारी सकाळी दहा वाजता त्या पांढरी साडी नेसतात, खुर्ची खिडकीजवळ ओढतात, गीतांच्या पुस्तकातली तीन गीते पूर्ण म्हणतात, शास्त्रपाठ मोठ्याने वाचतात, प्रभूची प्रार्थना म्हणतात आणि अर्पण डब्यात टाकतात. अडीच वर्षांचे रविवार त्या डब्यात होते. ‘‘न्यायला कुणी आलंच नाही,’’ त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, केवळ खुलासा होता. माझ्या पिशवीतल्या यादीत त्यांचे नाव थकबाकीदार म्हणून सहाव्या क्रमांकावर होते.

आम्ही दोघींनी ते पैसे मोजले. थकबाकीहून बरेच जास्त निघाले.

आप्पांबरोबर कारखान्यात फिटर असलेले एक काका ऐरोलीतच राहतात. त्यांचे पान २०११ सालच्या वार्षिक सभेनंतर कोरे आहे. स्वतःची इमारत व्हावी म्हणून मंडळीने फंड उभा केला होता आणि काकांनी एका वर्षीचा सगळा बोनस त्यात दिला होता. सभेत त्यांनी उभे राहून फक्त पासबुक दाखवा एवढेच म्हटले. त्यावर कमिटीतल्या कोणीतरी, देवाच्या घरात हिशेब मागता का, असे म्हटले आणि माणसे हसली. काका खाली बसले आणि पुन्हा आले नाहीत. मराठी मंडळ्यांमध्ये जागा, फंड आणि निवडणुका यांवरून झालेले तंटे काही थोडे नाहीत. मिशनच्या जुन्या जागांचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चाललेले आपण पाहतो, आणि प्रत्येक खटल्यामागे काही घरे कायमची बाहेर जातात. मी त्या फंडाचा सगळा हिशेब काढून तपासला. बँकेतल्या माणसाच्या नजरेने सांगते, पै न् पै जुळत होती. कोणीही काही खाल्लेले नव्हते. त्या सभेत पासबुक दाखवायला पाच मिनिटे लागली असती. मी सगळ्या नोंदींच्या झेरॉक्स घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून ओळन् ओळ पाहिली, कागदांची नीट घडी घातली आणि म्हणाले, ‘‘हे तेव्हा दाखवलं असतं तर मी आज तुमच्यासोबत कमिटीवर असतो, बेटा.’’ ते परत आलेले नाहीत. मला त्यांच्याविषयी काही म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते आमच्या त्या हसण्याविषयी.

काही पानांवर मी फार थांबले नाही, कारण तिथली गोष्ट दोन वाक्यांत संपणारी होती. मॉलमध्ये नोकरी करणाऱ्याला रविवार मिळत नाही. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करून सकाळी सातला घरी येणारी मुलगी दहाच्या उपासनेला येणार नाही. ज्याला घणसोलीहून किंवा तुर्भ्याहून लोकलने यायचे असते, त्याच्या रविवारवर मेगाब्लॉक बसलेला असतो, आणि उपासना सुटायच्या वेळेलाच गाड्या बंद होतात. रविवारची सुट्टी आपल्याला आभाळातून पडल्यासारखी वाटते, पण गिरणी कामगारांसाठी ती १० जून १८९० रोजी मिळवली ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी, आणि हे लोखंडे ठाण्यात जन्मलेले. ते सत्यशोधक होते. रविवार हा खंडोबाचा वार आहे हेही त्यांच्या मागणीतले एक कारण होते. खंडोबाच्या नावाने मिळालेल्या त्या रविवारावर आमच्यासारख्या कामगारवस्तीतल्या मंडळ्या वाढल्या. कामाच्या ज्या नव्या रीती नवी मुंबईत आल्या, त्यांनी तो रविवार पुन्हा काढून घेतला आहे, आणि आम्ही मात्र दहाची वेळ जराही हलवायला तयार नाही.

भाषेपाशी मात्र थांबले पाहिजे. माझी भाची इंग्रजी शाळेत शिकली, मराठी बोलते, पण उपासनेतले मराठी तिला कळत नाही. समेट, नीतिमान ठरणे, प्रायश्चित्त, पाचारण हे शब्द तिने घरात किंवा रस्त्यावर कधी ऐकलेले नाहीत. आम्हाला या शब्दांची गोडी आहे, कारण आमच्या आजीने याच शब्दांत आमच्यासाठी प्रार्थना केल्या. भाचीला ते परक्या देशाचे वाटतात. ती आता वाशीला एका हॉलमध्ये भरणाऱ्या इंग्रजी सहभागितेत जाते. तिथे गिटार आहे, पडद्यावर गीतांचे शब्द येतात आणि प्रार्थनेच्या वेळी शेजारची व्यक्ती हात धरून तुमचे नाव घेऊन प्रार्थना करते. आमच्या कमिटीत अशा मुलांविषयी ‘मंडळी सोडली’ असे म्हणतात. तिने एक मंडळी सोडली आणि दुसरी धरली, एवढेच झाले आहे, आणि आमच्या यादीतली किमान पाच घरे अशीच दुसरीकडे गेलेली आहेत. कोणी आजारपणात प्रार्थनेला बोलावले म्हणून, कोणी फक्त चुलतभाऊ तिथे जातो म्हणून.

एका तरुणाची गोष्ट मला सर्वांत अवघड गेली. त्याचे आजोबा बाप्तिस्मा घेतलेले, वडील शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात, शिकवायचे. हा मुलगा स्पर्धा परीक्षा देत होता आणि त्याच्या कागदांवर जात आहे, धर्म हिंदू आहे. राष्ट्रपतींच्या १९५० सालच्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद असे सांगतो की हिंदू नसलेल्या व्यक्तीला अनुसूचित जातीची मानता येणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख धरले गेले, १९९० मध्ये बौद्ध धरले गेले, ख्रिस्ती आणि मुसलमान राहिले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने हे बंधन काढावे अशी शिफारस केली, पण तो परिच्छेद तसाच आहे. ज्याच्या पणजोबांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याला बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावाने वेशीत घेतले असे काही झाले नाही. मुलगा मला म्हणाला, ‘‘मावशी, कुणी फोटो काढून इंटरनेटवर टाकला तर?’’ एवढ्या एका भीतीने तो येत नाही. त्याच्या घरात मी प्रार्थना केली तेव्हा त्याच्या आईने दार लोटून घेतले. कायद्यापुढे जे खरे-खोटे असेल ते असो, पण दार लोटून केलेल्या त्या प्रार्थनेने मला दाटून आले. आणि हेही लिहिले पाहिजे की ही भीती त्याने त्याआधी आमच्यापैकी कोणापाशीही बोलून दाखवली नव्हती, कारण जातीविषयी आम्ही मंडळीत बोलतच नाही. प्रभूमध्ये जात नाही असे आम्ही वेदीवरून म्हणतो, आणि सोयरीक जुळवायची वेळ आली की पाहुणे मूळचे कुठले, कोणाचे, याची चौकशी हळू आवाजात करतो. अशी चौकशी एका मुलीच्या वाट्याला आली आणि ठरलेले लग्न मोडले. ते सगळे कुटुंब आज यादीत आहे.

यादीत नसूनही जे गेले ते टाळेबंदीने नेले. मार्च २०२० मध्ये उपासना मोबाइलवर आली. राज्यातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला पाडव्याच्या दिवशी उघडली, पुढच्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी परत उघडली. तोवर मोबाइलवरच्या उपासनेची सवय अंगात मुरली होती. मला त्या उपासनेला नावे ठेवायची नाहीत, सिस्टरांसारख्यांना तिचा आधार झाला असता, पण सिस्टरांकडे साधा बटनांचा फोन आहे आणि तो बदलून द्यावा असे कोणाला सुचले नाही. ज्यांच्याकडे सगळे होते त्यांनी ती लावून ठेवली आणि पोळ्या लाटल्या. हे मी पाहिले आहे, केलेलेही आहे.

आमच्या वार्षिक सभेच्या रविवारी उपदेशात पाश्चात्त्य देशांचे उदाहरण आले. अमेरिकेत चर्चचे किंवा तशा कोणत्याही प्रार्थनास्थळाचे सभासद म्हणवणारे १९९९ मध्ये ७० टक्के होते आणि २०२० मध्ये ते ४७ टक्क्यांवर आले, म्हणजे गॅलप संस्थेच्या पाहणीत पहिल्यांदाच निम्म्याहून खाली. तिकडे विश्वास थंडावला, आपल्याकडे थंडावू नये, असे सांगितले गेले. मी घरी येऊन शोधले. प्यू संस्थेने २०१८ मध्ये जे अमेरिकी लोक क्वचितच उपासनेला जातात त्यांनाच कारण विचारले होते. विश्वास नाही हे महत्त्वाचे कारण २८ टक्क्यांनी सांगितले, आणि आपण आपला धर्म अन्य मार्गांनी पाळतो असे ३७ टक्क्यांनी सांगितले. म्हणजे तिकडेही खिडकीजवळ खुर्ची ओढून बसलेल्या सिस्टर बऱ्याच आहेत. आमचा समाज तर महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे १० लाख ८० हजारांचा, राज्याच्या लोकसंख्येत शंभरात एकही भरत नाही. इतक्या थोड्या माणसांमध्ये कोण दिसत नाही हे कळायला पाहणीची गरज पडू नये.

यायचे थांबलेल्यांविषयी बोलताना आम्ही नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रातले एक वचन हमखास काढतो, की आपले एकत्र मिळणे सोडू नका. त्याच वचनात ‘जशी कित्येकांची चाल आहे’ अशा अर्थाचे शब्द आहेत, ते आम्ही भरभर वाचून टाकतो. पहिल्या शतकातच, प्रेषितांना पाहिलेली माणसे हयात असताना, कित्येक जण यायचे थांबले होते. आणि मागचा-पुढचा मजकूर पाहिला तर ते वचन न येणाऱ्यांना झापत नाही, जमलेल्यांना एकमेकांकडे लक्ष द्यायला सांगते. आमच्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त तिथे एकत्र बसावेत ही त्यांची तळमळ होती. दोन वर्षांनी ते वारले. मिशनच्या चौकटीत ज्यांचा जीव गुदमरला त्या टिळकांचीच गीते आम्ही दर रविवारी चौकटीत बसून गातो, आणि चौकटीबाहेर उभ्या असलेल्याला अविश्वासू म्हणतो. हे मला पटत नाही.

आप्पांचे कारण मला सगळ्यात शेवटी कळले, तेही यादीतल्या एका घरी. तबला वाजवणारे एक गृहस्थ आप्पांचे जोडीदार होते. त्यांनी सांगितले की तरुण संघाने वर्गणी काढून कीबोर्ड आणि ड्रम आणले त्या वर्षीच्या नाताळाला आप्पा नेहमीप्रमाणे अर्धा तास आधी पोचले. पेटीच्या जागेवर कीबोर्डचा स्टँड होता. पेटी कुठे आहे असे त्यांनी विचारले तेव्हा कोणीतरी कपाटाकडे बोट दाखवले. आप्पांना कोणी नको म्हटले नाही. उलट एका मुलाने खुर्ची आणून दिली आणि ‘‘आप्पा, आता तुम्ही आराम करा’’ असे प्रेमाने म्हटले. त्या दिवशी त्यांनी सगळी उपासना त्या खुर्चीवर बसून केली. पुढच्या रविवारी कान दुखतो म्हणाले. मी तेव्हा त्याच सभागृहात स्त्रियांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत बसले होते आणि नव्या कीबोर्डचा आवाज किती छान येतो असे शेजारणीला म्हटल्याचे मला आठवते.

यादी केली त्या वर्षीच्या सभेत मी दोन ठराव मांडले. दफनाचे पत्र देताना थकबाकीची नोंद पाहिली जाणार नाही, हा पहिला. तो मंजूर झाला, थोड्या मतांनी का होईना. सभागृह तळमजल्यावर मिळेपर्यंत महिन्यातून एक उपासना कळव्याला सिस्टरांच्या घरी घ्यावी, हा दुसरा; तो पुढच्या सभेवर ढकलला गेला आणि अजून ढकललेलाच आहे. यादीतल्या घरांपैकी चार परत आली. बाकीची आली नाहीत, आणि मी त्यांच्याकडे जाते तेव्हा या असे म्हणत नाही.

गेल्या वर्षी हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल आभार मानायच्या उपासनेला, वेगळेच निघाले. मंडळीला जुन्या हंगामी गीतांपैकी एक गीत हवे होते आणि त्याची चाल कोणालाच येत नव्हती. आप्पांना येत होती. कीबोर्ड वाजवणारा मुलगा, तोच खुर्ची आणून देणारा, आता तिशीला आलेला आहे, तो माझ्याकडे विचारायला आला. मी त्याला म्हटले की कळव्याच्या सिस्टरांना येत असेल. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघे निघालो. शाळेच्या कपाटातून पेटी आधीच काढून आणली होती. भात्याला उंदरांनी भोके पाडली होती, ती नीट करून घ्यायला तीन आठवडे लागले होते. तो मुलगा कळव्याच्या त्या छोट्या खोलीत जमिनीवर पेटी घेऊन बसला आणि सिस्टर खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या. पहिले कडवे त्यांनी डोळे मिटून म्हटले. त्याने वाजवून पाहिले. त्यांनी हाताने थांबवले.

‘‘तिथं वर नाही जायचं बाळा, तिथं खाली येतं. पुन्हा घे.’’

त्याने पुन्हा घेतले. त्यांनी पुन्हा थांबवले. साडेआठ वाजले तरी ते कडवे त्यांच्या मनासारखे बसले नव्हते, आणि पुढच्या शनिवारी लवकर ये, असे त्यांनी त्याला बजावून सांगितले.